उन्हात न नेलेला रंग

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस मला कपडे पिळायचं यंत्र समजतो. एका पाहुण्यांनी तर खिशातून ओला रुमाल काढून माझ्या दोन रुळांच्या फटीत घातला आणि हँडल फिरवलं. मी रुमाल पिळून दिला. कुणाला नाही म्हणायचा माझा स्वभाव नाही, आणि तेवढ्यासाठी लागणारं तोंडही मला नाही. पण माझं खरं काम निराळं. मी रंग दळणारी एक जुनी चक्की आहे. माझा जन्म भिंतींच्या रंगासाठी झाला आणि उतारवय एका चेहऱ्याच्या रंगात गेलं.

माझ्या अंगावर तीन लोखंडी रूळ आहेत, एकमेकांना खेटून आडवे बसवलेले. पहिला रूळ सावकाश फिरतो, मधला जरा घाईत, आणि तिसरा गाडी चुकल्यासारखा. एका घरात तीन चालींची तीन माणसं असली की त्यांच्यामध्ये सापडणाऱ्या पाहुण्याचं जे होतं, तेच माझ्यात घातलेल्या रंगाचं होतं. त्याच्या सगळ्या गाठी फुटतात. खडबडीत लगदा पहिल्या फटीत घालायचा, तो शेवटच्या रुळावर सायीसारखा मऊ होऊन येतो, आणि तिथे एक लांबट पातं त्याला खरवडून घेतं. एवढीच माझी विद्या. पण ती मला चांगली येते.

मी एका रंगाच्या कारखान्यात कामाला लागले. तिथे मला चालवणाऱ्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांचं काम रंग जुळवण्याचं. मालक कधी विटेचा तुकडा आणायचा, कधी पडद्याची चिंधी, एकदा तर कुणाच्या तरी चपलेचा पट्टा आणला आणि म्हणाला, "मास्तर, अस्सा रंग पाहिजे, बैठकीच्या खोलीला." मास्तरांनी चपलेकडे बघितलं, मालकाकडे बघितलं, आणि चिमूटभर तांबडा, चिमूटभर पिवळा माझ्यात टाकला. लोकांनी स्वतःच्या बैठकीला कुठला रंग द्यावा हे ठरवणारे आपण कोण, असा त्यांचा आणि माझा दोघांचाही विचार असे.

मास्तरांचा एकच नियम होता. रंग जुळला असं वाटलं की ते पुठ्ठ्यावर त्याचा एक फटकारा मारायचे आणि पुठ्ठा घेऊन अंगणात जायचे. आत दिव्याखाली सगळे रंग साळसूद दिसतात, असं त्यांचं म्हणणं. उन्हात नेलं की त्यांच्या पोटातलं बाहेर येतं. ढग असले तर रंग दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचा.

"मास्तर, गिऱ्हाईक दारात उभं आहे," मालक म्हणायचा.

"असू दे. सूर्यही यायचाय अजून."

या नियमापायी मालकाचा रक्तदाब वाढला, पण एकही भिंत परत आली नाही. मालक मला पाहुण्यांपुढे मिरवायचा. "जुनी आहे, पण असं काम आता कुणी करत नाही," असं म्हणायचा. हेच वाक्य तो स्वतःच्या सासूबद्दलही बोलायचा, फक्त सूर वेगळा असायचा.

मग कारखाना बंद पडला. निरोपाच्या दिवशी मालक म्हणाला, ज्याला जे आठवण म्हणून हवं ते घेऊन जा. एकाने भिंतीवरचं घड्याळ घेतलं. एकाने पंखा. एका गृहस्थांनी 'विनाकारण आत येऊ नये' ही पाटी घेतली आणि ती स्वतःच्या घराच्या दाराला लावली, त्यांच्याकडे माणसांची वर्दळ फार होती म्हणे. मास्तरांनी मला घेतलं. मला दुसऱ्या मजल्यावर चढवताना हमालांनी जिन्यात माझा जो उद्धार केला तो मी इथे सांगत नाही, तुम्ही लहान आहात.

अशी मी त्या घरात आले, आणि त्या दिवसापासून मास्तरांना मी त्यांच्या मुलींप्रमाणे बाबा म्हणू लागले. मनातल्या मनात.

घर विचित्र होतं. भरदुपारी आत संध्याकाळ. सगळ्या खिडक्यांना जाड पडदे, पडद्यांच्या कडा भिंतीला चिकटवलेल्या, आणि दिवसभर एक पिवळा दिवा लागलेला. मला वाटलं, ही माणसं फोटो धुण्याचा धंदा करत असतील. पण कारण वेगळंच होतं. घरात दोन बहिणी होत्या, त्यांची आई फार पूर्वीच गेलेली. त्यातल्या धाकटीला ऊन सोसत नसे. शाळा संपता संपता तिला एक आजार जडला होता. अंगावर ऊन पडलं की गालांवर लाल चट्टे उठायचे, सांधे धरायचे, ताप चढायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उन्हापासून जपा. घराने ते इतकं मनावर घेतलं की त्या घरात ऊन हा शब्दच कुणी उच्चारत नसे. 'बाहेर कसं आहे?' असं विचारलं तर 'गरम आहे' एवढंच उत्तर यायचं.

धाकटी मात्र हसरी होती, आणि तिचं काम तुम्हाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. ती लिफ्टचा आवाज होती. कपाटात रजया कोंबून तिने त्यात एक बसायची जागा केली होती, तिथे बसून ती माइकमध्ये बोलायची, "दरवाजा उघडत आहे. तळमजला. दरवाजा बंद होत आहे." हा आवाज शहरभर लिफ्टमधून वरखाली हिंडायचा. आणि ती स्वतः कपाटात.

"आख्ख्या गावाला वर पोचवते आणि स्वतः इथे रजईत," ताई तिला चिडवायची. "ए लिफ्ट, चहा कर."

"चहा तिसऱ्या मजल्यावर आहे," धाकटी लिफ्टच्या आवाजात सांगायची.

तिची इच्छा एकच होती. शहरात एक मोठी कचेरीची इमारत होती, तिच्या लिफ्टमध्ये हिचा आवाज होता. एकदा भर दिवसा, माणसांनी भरलेल्या त्या लिफ्टमध्ये उभं राहून स्वतःला ऐकायचं. इमारत संध्याकाळ व्हायच्या आत बंद व्हायची, म्हणजे जायचं तर उन्हातच. इतर लोक देवाकडे काय काय मागतात. ही पोर लिफ्ट मागत होती, आणि तीही फक्त जाऊन येण्यापुरती.

ताई रसायनं शिकलेली. भांडी घासायच्या पावडरीच्या कारखान्यात नोकरीला होती. दिवसभर ती जगातल्या करपलेल्या पातेल्यांचा विचार करायची आणि घरी येऊन जगातल्या सगळ्यांत नाजूक कातडीचा. बाजारातली उन्हाची क्रीमं तिने एकेक करून आणून बघितली होती. एक लावलं आणि धाकटीचा चेहरा पेटल्यासारखा झाला.

"अगं, पण डबीवर सौम्य लिहिलंय," ताई म्हणाली.

"डबीला सौम्य वाटत असेल."

तेव्हा ताईने ठरवलं की आपणच करायचं. मित्रांनो, माझ्यासमोरच झालं म्हणून सांगते, हे काम फार निगुतीचं. ऊन अडवायला तिने जस्ताची पांढरी भुकटी घेतली, कारण ती कातडीवर नुसती बसून राहते, कुणाशी भांडत नाही. सुगंध नाही, घरातल्या कुणाला आवडतो म्हणून थेंबभर अत्तर नाही, झणझणणारं काही नाही. साधं तेल, थोडं मेण. नवीन काहीही घातलं की आधी धाकटीच्या कानामागे एक ठिपका लावायचा आणि वाट बघायची. परीक्षेच्या निकालासारखी सगळी माणसं रोज तिच्या कानामागे बघायची. शेजारणीने एकदा विचारलं, "काय शोधता हो तिथे?" बाबा म्हणाले, "अक्कल. दोघींपैकी एकीची तिथे पडली असेल म्हणून बघतोय."

पण भुकटीच्या गाठी होत. ताई स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये फिरवायची, तरी बारीक बारीक कण राहायचेच. गाठ राहिली की तिच्या आजूबाजूची जागा उघडी पडते, आणि गळक्या छपरातून पाणी यावं तसं तिथून ऊन आत येतं. बाबा एक दिवस तो लगदा बोटांत चोळत बसले, मग उठले आणि माझ्यावरची चादर काढली.

"बाबा, ती भिंतींची आहे," ताई म्हणाली.

"धुऊन देतो की. हिला काय, भिंत काय नि गाल काय."

त्यांनी मला आठवडाभर धुतलं. तेलाने, साबणाने, गरम पाण्याने. ताई कारखान्यातून कसल्या कसल्या तपासणीच्या पट्ट्या आणायची आणि माझे रूळ पुसून बघायची, जुन्या रंगाचा अंशही राहता कामा नये. इतकी स्वच्छ मी जन्मतःही नव्हते. मग जस्ताचा लगदा माझ्या पहिल्या फटीत पडला आणि शेवटच्या रुळावर तो असा उतरला की ताईने पात्यावरून बोटावर घेतला आणि काही बोललीच नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी स्तुती तीच. ते क्रीम तिने एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवून ऊन किती अडवतं ते तपासून घेतलं, कारण असली कामं अंदाजाने करायची नसतात. उत्तर चांगलं आलं. कानामागचा निकालही चांगला आला.

राहिला एकच दोष. जस्त पांढरं. जाड लावलं की धाकटी चुना फासल्यासारखी दिसायची. आणि जाड लावावंच लागतं, पातळ थर ऊन अडवत नाही, हे ताईने घरात सगळ्यांना पाठ करून घेतलं होतं. म्हणून त्यातच चेहऱ्याचा रंग मिसळायचं ठरलं. ऊन अडवायचं आणि अडवलंय हे कुणाला कळूही द्यायचं नाही, अशी दोन कामं एकाच डबीत. आणि रंग जुळवायचा तर घरात माणूस होताच. पिवळा, तांबडा, नखभर काळा. सगळं वजन करून लिहून ठेवायला ताई सांगायची आणि बाबा मान डोलवून चिमटीने टाकायचे.

धाकटी पिवळ्या दिव्याखाली स्टुलावर बसायची, बाबा तिच्या गालावर एक रेघ ओढायचे, मागे सरून डोळे बारीक करायचे, परत माझ्याकडे यायचे. किती वेळा ते झालं असेल. शेवटी एके संध्याकाळी त्यांनी ओढलेली रेघ गालावर दिसेनाशी झाली. आहे, पण दिसत नाही.

"जुळला," बाबा म्हणाले.

मी वाट बघत राहिले. आता ते पुठ्ठा घेतील आणि बाहेर जातील, असं मला वाटलं. ते गेले नाहीत. पुठ्ठा नव्हताच ना. मी यंत्र आहे, मला वाटलं, माणसांच्या रंगाचा नियम वेगळा असेल.

दुसऱ्या दिवशी धाकटी ताईबरोबर भरदुपारी बाहेर पडली. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, टोपी, आणि चेहऱ्यावर माझ्यातून उतरलेला जाड थर. बाबा जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले, आणि त्या खाली गेल्यावर दार बंद करून आत येऊन बसले. पुढचं मी पाहिलेलं नाही. माझ्या वजनाच्या कुणाला लिफ्टमध्ये घेत नाहीत. पण त्या परत आल्यावर ताईने बाबांना जे सांगितलं ते मी ऐकलं.

उन्हात पाऊल टाकताच रंग बदलला होता. दिव्याखाली जो चेहऱ्यासारखा दिसत होता तो बाहेर राखेसारखा दिसू लागला. करडा, निर्जीव. ताईच्या ते लगेच लक्षात आलं, पण धाकटी इतकी खूश होती की ताईला बोलवेना. रस्त्यावर लोक वळून बघत होते. इमारतीच्या दारावरच्या पहारेकऱ्याने तिला बघितलं आणि धावत खुर्ची आणली, पाणी आणलं. "बसा बसा, मॅडम. कुणाला फोन करू का?" तो भला माणूस होता, हेच वाईट. लिफ्टमध्ये माणसं होती, भरपूर. ती आत शिरली तशी सगळी दुसऱ्या कोपऱ्यात सरकली. कुणी वाईट वागलं नाही. आजारी माणसाला जागा देतात तशी दिली. आणि तेवढ्यात तिचाच आवाज म्हणाला, "कृपया दरवाज्यापासून दूर राहा."

ती दूर राहिली. मग खाली उतरली, आणि घरी आली.

ताईने तिला दिव्याखाली बसवून चेहरा पुसला. गाल बघितले, कपाळ बघितलं, कान उलटे करून बघितले. "एकही चट्टा नाही," ती म्हणाली. तिच्यातली रसायनवाली बोलत होती. "बघ, एकसुद्धा नाही."

"मेलेल्या माणसाला चट्टे येत नाहीत," धाकटी म्हणाली आणि कपाटात जाऊन बसली.

संध्याकाळी बाबा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. ताई भांडी आवरत होती.

"मी उन्हात नेला नाही तो रंग," ते म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा."

"बाबा, पुठ्ठा कुठे होता न्यायला?"

"तेच ना. तिचं तोंड होतं. ते उन्हात धरायचं म्हणजे..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. रंग बघायला लेकीचा चेहरा उन्हात धरायचा, हे त्या माणसाच्या मनातच आलं नव्हतं, कारण मनात येऊ द्यायचं नव्हतं.

त्यानंतर धाकटी बाहेर जायला तयार होईना. बाबांनी एकदा विचारलं, "बाळ, गच्चीवर चल फक्त. एक रेघ ओढतो आणि लगेच आत." ती म्हणाली, "नको बाबा." त्यांनी परत विचारलं नाही.

पण माणूस हट्टी. त्यांच्या लक्षात आलं की धाकटी रंगाने त्यांच्यावर गेलीय, आणि बाहीखाली, जिथे त्यांच्या दंडाला कधी ऊन लागलं नाही, तिथली कातडी अगदी तिच्यासारखी आहे. झालं. रोज सकाळी माझ्यावर थोडासा रंग दळायचा, डाव्या दंडावर रेघ ओढायची आणि बाही गुंडाळून गच्चीवर जायचं.

"मास्तर, दंड दाखवून कुणाला घाबरवताय?" शेजारच्या गच्चीवरून कुणी तरी विचारायचं.

"सूर्याला. आज जरा नरमलाय."

पण त्यात एक घोळ होता. रोज उन्हात नेल्यामुळे तो दंड हळूहळू रापला आणि लेकीसारखा राहिलाच नाही. मग बाबांनी उजवा दंड घेतला. तोही संपला. मग त्यांनी सदरा वर करून पोटावर रेघा ओढायला सुरुवात केली. एक म्हातारा माणूस गच्चीवर पोट उघडं टाकून आडवा पडलाय आणि पोटावर बिस्किटी रंगाचे पट्टे आहेत, हे दृश्य खालच्या रस्त्यावरून दिसायचं. खालच्या बाईंनी ताईला अडवून हळूच विचारलं, "तुमच्या वडिलांचं बरं आहे ना?" ताई म्हणाली, "त्यांचं बरं आहे. पोटाचा रंग जुळत नाहीये फक्त." बाईंनी नंतर तिच्याशी बोलणं कमी केलं.

आतून धाकटी हे सगळं ऐकायची. हसायची नाही. पण एकदा ते गच्चीवर निघाले तेव्हा तिने त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली.

मग एक दिवस ते खाली आले, माझ्यासमोर बसले आणि एक मोठा घाणा दळला. हाताला कसलीच घाई नव्हती. चिमटीने पिवळा, थोडा तांबडा, काळा जवळजवळ नाहीच. सगळं खरवडून एका मोठ्या डबीत भरलं आणि धाकटीच्या कपाटाच्या दाराशी ठेवलं.

"झाला," ते म्हणाले. "घाई नाही. तुला वाटेल तेव्हा."

धुण्याचा कंटाळा कधीच न करणाऱ्या माणसाने त्या दिवशी मला धुतलं नाही. दमलो, उद्या बघू, म्हणाले. पुढच्याच दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

त्यांना न्यायची वेळ भर उन्हाची ठरली. धाकटीला कुणी काही विचारलं नाही, ती येणार नाही असं सगळ्यांनी धरलंच होतं. ती कपाटातून बाहेर आली, डबी उघडली, आणि आरशासमोर न जाता नुसत्या हाताने चेहऱ्यावर, मानेवर जाड थर लावला. मग जिना उतरून खाली गेली. ताईने मला नंतर सांगितलं, म्हणजे मलाच असं नाही, माझ्यावर चादर घालता घालता ती स्वतःशी बोलत होती. खाली उन्हात धाकटी बाबांजवळ जाऊन उभी राहिली. लोक होते, पण कुणी वळून बघितलं नाही. ताईने बघितलं. राख नव्हती, थर नव्हता, रंगही नव्हता. फक्त तिच्या बहिणीचं रडवेलं तोंड होतं. रंग बरोबर जुळला होता. आणि ज्याला ते बघायचं होतं त्याचे डोळे मिटलेले होते.

ताईने माझ्यावर चादर घातली ती मला न धुताच. माझ्या रुळांवर बाबांच्या शेवटच्या घाण्याचा थर होता. "राहू दे," ती म्हणाली. "त्यांचा हात आहे यावर." मला तेव्हा बरं वाटलं. कुणी तरी आपल्याला इतकं जपतंय याचं कुणाला वाईट वाटेल?

धाकटी त्यानंतर बाहेर जाऊ लागली. रोज नाही, अधूनमधून. एकदा ती औषधांच्या दुकानापुढच्या रांगेत भरदुपारी उभी राहून आली आणि घरी येऊन सांगू लागली, "माझ्या मागचा माणूस ढकलत होता, म्हणत होता, अहो सरका पुढे." असं सांगत होती की जणू कुणी तिचा सत्कार केला. ऐकून ताईचे डोळे भरून आले.

पण डबी एकच होती. बाबांनी चिमटीने टाकलेला रंग कुठे लिहिलेला नव्हता. ताईला तो नव्याने जुळवता आला असता. तिला येत होतं सगळं. पण त्यासाठी चादर काढावी लागली असती, मला धुवावं लागलं असतं, आणि बाबांची डबी ही मग शेवटची डबी राहिली नसती. "आहे ना अजून," ती म्हणायची. धाकटीही तेच म्हणायची. आणि डबी संपू नये म्हणून धाकटी बोटावर थोडं थोडं कमी घेऊ लागली. आधी बोटभर, मग नखभर, मग नुसता हात फिरवल्यासारखं. रंग इतका सुरेख जुळलेला की पातळ लावला काय नि जाड लावला काय, दिसायला सारखाच. ताई मधूनच डबी उघडून बघायची आणि म्हणायची, "बघ, अजून अर्धी आहे." तिच्या आवाजात समाधान असायचं. पातळ थर ऊन अडवत नाही हे तिनेच सगळ्यांना शिकवलं होतं. तिला ते माहीत नव्हतं असं नाही. पण डबी भरलेली दिसली की तिला वाटायचं, बाबा अजून अर्धे आहेत.

चट्टे आधी उठले. ते दोघींनी लपवले, एकीने दुसरीपासून आणि दुसरीने स्वतःपासून. मग सांधे धरले, मग ताप, आणि मग आजार आतपर्यंत गेला. धाकटीला दवाखान्यात ठेवावं लागलं, बरेच दिवस. घरात मी एकटी होते, चादरीखाली. माझ्या रुळांवरचा थर वाळत होता. तेल घट्ट झालं, चिकट झालं, मग दगडासारखं. तीन रूळ एकमेकांना धरून बसले.

धाकटी परत आली तेव्हा एका संध्याकाळी ताईच्या खांद्याला धरून आली. हलकी झाली होती, माझ्या एका रुळाएवढंही वजन नसेल तिचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता उन्हाचं नाव नको, कितीही लावलं तरी नको. मूत्रपिंडांना इजा झाली होती, आणि ती भरून येणारी नव्हती.

काही दिवसांनी तिने माझ्यावरची चादर ओढून काढली.

"ताई, हिला धुऊ या."

"नको."

"फिरव बघू हँडल."

ताईने फिरवलं. फिरलं नाही. दोन्ही हातांनी जोर लावला, तरी नाही.

"बाबा यात नाहीत गं," धाकटी म्हणाली. "यात नुसती अडकलेली चक्की आहे. त्यांनी बघितली असती तर आपल्या दोघींना जिन्यातून खाली फेकलं असतं."

"तुला नाही. तुला उचललंही नसतं. मला फेकलं असतं."

"मग चल. आपणहून धू."

त्यांनी तेल गरम केलं. एक दुपार दोघी माझ्याजवळ जमिनीवर बसून होत्या, पिवळ्या दिव्याखाली. फडकं तेलात बुडवायचं, रूळ पुसायचा, परत बुडवायचं. तो बिस्किटी रंग आधी सुटेना, मग मऊ झाला, मग फडक्यावर येऊ लागला. ताई एकेक फडकं बाजूला ठेवत होती, घडी घालून, नीट. धाकटीने त्या घड्या उचलल्या आणि कचऱ्याच्या बादलीत टाकल्या. थोड्या वेळाने पुढचं फडकं ताईने स्वतःच बादलीत टाकलं. हँडल फिरलं तेव्हा माझे तिन्ही रूळ कुरकुरत निघाले, आपापल्या चालीने, आणि ताई जमिनीवरच बसून बराच वेळ रडली.

त्यानंतर माझ्यावर नवा घाणा दळला गेला. ताईने रंग जुळवला तो दवाखान्यात ओळख झाल्यावर दारात आलेल्या एका मुलीच्या चेहऱ्यावर, गच्चीवर क्षणभर नेऊन, ऊन बघून. त्या मुलीलाही तोच आजार होता. मग आणखी कुणाकुणाच्या रंगाचे घाणे झाले. ती माणसं टोपी घालून जाड थर लावून उन्हात हिंडतात, कामावर जातात, रांगेत उभी राहतात आणि रांगेला शिव्या देतात. त्यांना डबी देताना धाकटी दाराआडून सांगते, "कंजूषपणा करू नका. भरपूर लावा. संपली की या, आम्ही परत करून देऊ." हे ती लिफ्टच्या आवाजात नाही, स्वतःच्या आवाजात सांगते. ती स्वतः मात्र आता दाराबाहेर जात नाही. पडदे परत भिंतीला चिकटवले आहेत. तिच्यासाठी आता डब्या हव्या तेवढ्या होऊ शकतात, आणि एकीचीही तिला गरज उरलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी तरी तुमच्यासाठी जीव ओतून काही करून ठेवलं असेल. ते जपून जपून, नखानखाने वापरू नका. भरपूर घ्या, संपू द्या, आणि संपलं की ते करणारं माणूस असेपर्यंत त्याच्याजवळ बसून कसं करायचं ते शिकून घ्या. आणि माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र तुमच्या घरी असेल, तर काम झालं की त्याच दिवशी त्याला धुऊन पुसून ठेवा. आमच्यावर कुणाचाही हात वाळू देऊ नका. तो वाळला की आमचे रूळ फिरत नाहीत.